सत्तेचाळीस नंबरची रेघ

३ फेब्रुवारी

ती. मामा,

नमस्कार. पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत आणि माझं लग्नही ठरलेलं नाही. काम आहे.

तू निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. मामी सांगते की तू रोज सकाळी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावतोस आणि दुपारी ती ते परत आपल्या सोयीने लावते. म्हणजे तुला काम हवंय आणि तिला तू घरात कुठेतरी गुंतलेला हवायस. दोघांची सोय माझ्याकडे आहे.

आम्ही चौघं मिळून एक प्रोग्रॅम बनवतोय. छातीच्या एका सीटी स्कॅनमध्ये तीन-चारशे चित्रं असतात, पावाच्या चकत्या कापाव्यात तशी. (तीस वर्षं तेच यंत्र चालवलेल्या माणसाला हे मी सांगतेय, सूर्यापुढे काजवा. पण लिहिल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.) तर प्रत्येक चित्रात आमच्या प्रोग्रॅमने फुप्फुसाभोवती आपोआप रेघ काढायची. एवढं फुप्फुस, बाकीचं छातीची भिंत, हृदय वगैरे. पुढची सगळी शोधाशोध त्या रेघेच्या आत होते. बाहेर जे राहिलं ते राहिलं.

घोळ असा आहे. हवा काळी दिसते, म्हणून हा काळ्या भागाला फुप्फुस समजतो. निरोगी माणसात झकास जमतं. पण फुप्फुसाच्या कडेला, बरगड्यांना चिकटून एखादी गाठ असली की ती भिंतीसारखीच पांढरी दिसते. मग हा शहाणा तिला भिंत समजून रेघ आतून घेतो. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, नेमकं तेच बाहेर! त्याला शिकवायला जाणत्या हाताने काढलेल्या रेघा हव्यात. साठ रुग्ण आहेत. नावं नाहीत, फक्त नंबर.

रुग्णांची चित्रं इंटरनेटवरून पाठवायला बंदी आहे, म्हणून डिस्क कुरिअरने येईल आणि तिच्यासोबत माझं पत्र. रविवारी फोनवर आपण बोलतो, पण तेव्हा आई मध्येच फोन ओढून घेते.

आणखी एक. मी सात वर्षांची असताना पत्र्यावर गेलेला माझा चेंडू काढायला तू चढलास आणि पडलास. तुझी एक्स-रे फिल्म तू खिडकीच्या काचेला लावून मला दाखवली होतीस. "ही बघ सातवी बरगडी, आठवीवर चढून बसलीय. तुझ्या चेंडूचा प्रताप." आज मी जे काम करते ते त्या खिडकीपाशी सुरू झालं. तेव्हा नाही म्हणायची सोय नाही.

तुझी,
ठमी


१७ फेब्रुवारी

चि. ठमे,

आशीर्वाद. डिस्क पोचली. जेवणाचं टेबल मी काबीज केलंय. मामी म्हणते, आता जेवायचं कुठं, तुमच्या त्या पडद्यावर का? पण आतून खूश आहे. डबे आठ दिवस जागच्या जागी आहेत.

पहिले पाच रुग्ण झाले. तुझ्या प्रोग्रॅमच्या रेघाही पाहिल्या. मी त्याचं नाव शिकाऊ ठेवलंय. माझ्या हाताखाली जेवढे शिकाऊ आले, सगळे सुरुवातीला हेच करायचे. जिथं सोपं तिथं एकदम झोकात रेघ, आणि जिथं अडचण तिथं हळूच बगल द्यायची. त्याला माझा पहिला धडा सांग: फुप्फुस कुठं संपतं ते काळ्या रंगाला विचारू नको, बरगड्यांना विचार. बरगड्यांच्या आतल्या कडेने बोट फिरवत जा. मध्ये पांढरं आलं तरी बोट वळवायचं नाही. रेघ बाहेरूनच घ्यायची.

या निमित्ताने जुन्या गोष्टी आठवतात. यंत्राला रेकॉर्ड केलेला आवाज असतो, "श्वास घ्या, धरा, सोडा" म्हणणारा. मी तो कधी लावू दिला नाही. आत एकट्या पडलेल्या माणसाला जिवंत माणसाचा आवाज पाहिजे. पण एकदा फजिती झाली. एका शाळामास्तरांना "धरा" म्हणालो, तेवढ्यात कोणीतरी दार उघडून काहीतरी विचारलं आणि मी "सोडा" म्हणायचं विसरलो. बिचारे शिस्तीचे. बाहेर आले तेव्हा वांग्यासारखे जांभळे झाले होते. वर मलाच म्हणाले, "तुम्ही सांगितलं नव्हतंत ना."

दुसरी शिस्त चेहऱ्याची. आम्हाला पडद्यावर दिसतं, पण बोलायचा अधिकार नाही, ते डॉक्टरांनी सांगायचं. रुग्ण उठून बसतो आणि आधी आमच्या तोंडाकडे बघतो. म्हणून तोंड कोऱ्या कागदासारखं ठेवायचं. मला ते इतकं जमायला लागलं की मामी म्हणायची, घरी आलात, आता तो चेहरा काढून ठेवा.

मामी म्हणते खोकल्याचं लिहा. मी म्हटलं, थंडी आहे, सगळं गाव खोकतंय, त्यात काय लिहायचं.

तुझा,
मामा


२४ मार्च

ती. मामा,

पहिल्या तीस जणांच्या रेघा मिळाल्या. तुझी तब्येत कशी आहे ते नंतर विचारते, आधी बातमी ऐक. आमच्याकडे दोन डॉक्टरांनीही तेच तीस रुग्ण रेघून दिले होते. तिघांची तुलना केली. जिथं जिथं मतभेद झाला तिथं आमच्या मोठ्या डॉक्टरांनी निवाडा दिला आणि दर वेळी तूच बरोबर. बारा नंबरच्या रुग्णात तू काढलेली रेघ बघून ते म्हणाले, "हे कोण आहेत? मला यांना भेटायचंय." मी म्हटलं, सध्या ते जेवणाच्या टेबलावर असतात.

शिकाऊही सुधारलाय. आधी कडेच्या दहा गाठींमधल्या सहा बाहेर टाकायचा, आता दोन. जूनमध्ये हॉस्पिटलच्या समितीपुढे त्याची परीक्षा आहे. पास झाला तर खऱ्या रुग्णांवर वापरतील, नाहीतर आमची दोन वर्षं पाण्यात.

उरलेले तीस पाठवते. यात शेवटचे वीस तुझ्याच जुन्या हॉस्पिटलचे आहेत, अगदी ताजे. तुझ्या हाताखाली शिकलेली ती चष्मेवाली आता तिथली मुख्य टेक्निशियन आहे म्हणे. तिनेच संमतीचे कागद भरून घेऊन पाठवले.

आता तब्येत. खोकला गेला का? थंडी संपून पंधरा दिवस झाले.

तुझी,
ठमी


१४ एप्रिल

चि. ठमे,

तीसही पूर्ण केले. डिस्क सोबत आहे.

डॉक्टरांना नमस्कार सांग. टेबल मोकळं केलं.

मामा


२ मे

ती. मामा,

एवढं त्रोटक पत्र? मामीने टेबल परत घेतलं म्हणून रुसलास की काय?

बरं, आता बस खाली, कारण मला तुझी खोडी काढायचीय. साठपैकी एकोणसाठ रुग्णांत तू अचूक आहेस. पण सत्तेचाळीस नंबरला गुरुजी घसरले! डाव्या बाजूला, खालच्या भागात, मागच्या भिंतीला चिकटून चांगली ठसठशीत गाठ आहे आणि तुझी रेघ तिच्या आतून गेलीय. गाठ बाहेर. आणि आपल्या शिकाऊने काय केलं सांगू? तू शिकवलंस तसं बरगड्यांच्या कडेने बोट फिरवत गेला आणि गाठ बरोब्बर आत घेतली. तुझाच शिकाऊ तुझ्यापुढे गेला!

आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्यावर हसलो नाही, शिकाऊचं कौतुक केलं. थोडं हसलोही. शेवटी शेवटी कंटाळला असशील, किंवा चष्म्याचा नंबर वाढला असेल. तपासून घे.

तेवढी एक रेघ दुरुस्त करून पाठव, म्हणजे साठच्या साठ पक्के.

तुझी,
ठमी


११ मे

चि. ठमे,

तुझं पत्र वाचलं. चष्म्याचा नंबर तोच आहे.

सत्तेचाळीसबद्दल तुझी आणि तुझ्या शिकाऊची समजूत चुकीची आहे. ती गाठ नाही. त्या माणसाला तिथं पूर्वी कधीतरी जोराचा मार लागलेला आहे. बरगड्या बघ, मोडून वेड्यावाकड्या जुळल्यात. अशा ठिकाणी आतलं अस्तर जाड होतं आणि पांढरं दिसतं. भिंतीचाच भाग तो. रेघ आतूनच जायला हवी. मी तीस वर्षं हेच बघतोय.

तरीही तुमच्यात वाद होणार असेल तर सत्तेचाळीस नंबर काढून टाक. एकोणसाठ पुरेत. एकाने काही अडत नाही.

उन्हाळा फार आहे. समितीच्या आधी नीट झोपत जा.

मामा


१९ मे

मामा,

तू म्हणालास बरगड्या बघ. मी पाहिल्या.

तुझं म्हणणं खरं असेल असंच वाटलं होतं. म्हणून रेघ बाजूला ठेवून सत्तेचाळीसची सगळी चित्रं पहिल्यापासून उघडली. डावीकडची सातवी बरगडी आठवीवर चढून बसलीय. सहावीला मधोमध गाठाळलेला जोड आहे. मी ते चित्र कितीतरी वेळ नुसतं बघत राहिले. मग उठून खिडकीपाशी गेले, कारण मला ते आधी कुठं पाहिलंय ते आठवलं.

नंबरामागचं माणूस ओळखायचं नाही असा आमचा नियम आहे. मी तो मोडला. तूच मोडायला लावलास. इथं सगळ्यांना सांगितलं की सत्तेचाळीसवर मी काम करणार नाही, तो माझ्या घरचा माणूस आहे. मागे मी त्याच चित्रावर हसले होते, मामा. टाळ्या वाजवल्या होत्या.

मला तुझा राग आलाय, तो आधी लिहून टाकते. चित्र मार्चच्या पहिल्या आठवड्यातलं आहे. म्हणजे अडीच महिने तू हे पोटात ठेवून बसलायस. पत्र्यावरून पडलास तेव्हाही दोन दिवस "काही झालं नाही" म्हणत हिंडलास, म्हणून त्या बरगड्या अशा जुळल्या. तेव्हा निदान बरगड्याच होत्या.

आणि ती जाड झालेली भिंत नाही. तुला माहीत आहे. बारा नंबरला अगदी अशीच गाठ होती आणि तू रेघ बाहेरून घेतलीस, कारण तो दुसरा कोणीतरी होता. माझ्या मामाने आयुष्यात एक रेघ खोटी काढली आणि ती स्वतःच्या छातीत काढली.

फोन करणार होते, पण मामीने उचलला तर माझा आवाज मला सावरणार नाही. तुझ्यासारखा चेहरा मला जमत नाही. शनिवारी सकाळी मी येतेय. तोवर मामीला तू सांग. मी येऊन सांगितलं तर ती तुला कधीच माफ करणार नाही आणि बरोबरच करेल.

मला तू हवायस. बाकी समिती, परीक्षा, शिकाऊ, सगळं नंतर.

ठमी


२६ जून

चि. ठमे,

अनेक आशीर्वाद. अक्षर वाकडं आहे, कारण पलंगावर उशी टेकवून लिहितोय आणि डाव्या कुशीत टाके आहेत. मामी शेजारच्या खुर्चीत डुलकी काढतेय. काल तू गेलीस आणि खोली एकदम गप्प झाली.

ऑपरेशनच्या आधीचे आठ दिवस तू इथंच होतीस, पण धावपळीत एक गोष्ट बोलायची राहिली. तोंडावर बोलता आली नसती हेही खरंच. ती लिहितो.

खोकल्यावरून मामीचा धोशा थांबेना, म्हणून मीच मार्चच्या सुरुवातीला गुपचूप जुन्या हॉस्पिटलात गेलो. चष्मेवालीने चहा पाजला, नवीन यंत्र दाखवलं. मी म्हटलं, चल, घे माझंही एक चित्र. तीस वर्षं लोकांना आडवं केलं, स्वतः कधी त्या फळीवर पडलो नव्हतो. फळी फार अरुंद असते गं. हात कुठं ठेवायचे कळत नाही. माझ्या शिकवणीप्रमाणे तिने रेकॉर्ड बंद ठेवला होता. तिचा आवाज आला. "श्वास घ्या." घेतला. "धरा." धरला. आणि पुढं काहीच नाही.

ती "सोडा" म्हणायचं विसरली, ठमे. माझ्या हाताखालची सगळ्यात हुशार मुलगी, कधी न विसरणारी. मी छत बघत पडलो होतो आणि मला कळलं. तिने चेहरा कोरा ठेवलाच असेल, पण काचेपलीकडचा चेहरा मला दिसत नव्हता, मी फक्त ऐकत होतो. डॉक्टरांनी चार दिवसांनी सांगितलं, सुईने तुकडा काढून लगेच तपासायला हवा म्हणाले. मी हो हो म्हणून रिपोर्टचं पाकीट खणात लपवलं. मी घाबरलो होतो. एवढं साधं आहे ते. संमतीवर सही मीच केली होती, पण माझं चित्र तुझ्या डिस्कवरून फिरून माझ्याच टेबलावर येईल हे डोक्यात आलं नाही. सत्तेचाळीस उघडला, बरगड्या पाहिल्या आणि हात आपोआप आतून वळला. दोन दिवस मी स्वतःला पटवलं की ती भिंतच आहे. तुझं पत्र आल्यावर तुलाही पटवायला निघालो.

तुझं दुसरं पत्र आलं त्या संध्याकाळी मामीला सांगायला बसलो. पाच मिनिटं नुसता घसा साफ करत होतो. शेवटी तीच म्हणाली, "अहो, ज्या माणसाला स्वतःचा रुमाल सापडत नाही, त्याने पाकीट लपवलं तर ते बायकोला सापडणार नाही होय? मला त्यातलं अक्षरही कळलं नाही. पण तुम्ही लपवलंत म्हणजे काय असेल ते कळलं. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबले. चुकलंच माझं, कान धरून न्यायला हवं होतं." मग रडली. मीही रडलो. मग म्हणाली, कपडे काढून ठेवते बॅगेत, उद्याच जायचं.

आज सकाळी सर्जन आले होते. गाठ वाईटच होती, पण कडेच्या त्या कोपऱ्यातच होती, आजूबाजूला पसरलेली नाही. मार्चपासून थोडी वाढली होती. आणखी दोन-तीन महिने थांबलो असतो तर काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, थांबला नाहीत ना, मग कशाला विचारता. औषधं आहेत पुढं, सप्टेंबरात पुन्हा चित्र. पूर्ण निर्धास्त व्हायला पाच वर्षं लागतील म्हणतात. मी म्हटलं, मला कुठं जायचंय.

सोबत डिस्क आहे. काल तुझ्या लॅपटॉपवर, तू जेवायला गेली होतीस तेव्हा, मी सत्तेचाळीस उघडला. बरगड्यांच्या कडेने बोट फिरवलं. पांढरं आलं तिथं बोट थांबलं खरं, पण वळलं नाही. रेघ बाहेरून घेतलीय आणि या डिस्कवर उतरवलीय. गाठ आत आहे. शिकाऊच्या रेघेशी ताडून बघ.

महिनाअखेरीला समितीपुढे जाशील. शिकाऊ पास होवो न होवो, मी त्याचा ऋणी आहे असं त्याला सांग. त्याला काही कळणार नाही, पण तू सांग.

तुझा,
मामा


२१ सप्टेंबर

ती. मामा,

नमस्कार. तुझ्या घरून मी निघाले त्याला दोन तास झाले नाहीत. गाडीतच लिहितेय, चार दिवसांनी हे पत्र तुला मिळेल. फोनवर सांगता येईल, पण आपल्यात काही गोष्टी कागदावरच जमतात हे आता सिद्ध झालंय.

समितीचं तुला माहीत आहे. पुढच्या महिन्यापासून तुझ्या हॉस्पिटलात डॉक्टरांच्या जोडीला शिकाऊ बसणार. मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्या अहवालात तुला "आमचे तज्ज्ञ" म्हटलंय. मामीला वाचून दाखव, पण एकदाच, नाहीतर ती डबे तुझ्या डोक्यावर रचेल.

सकाळी तुझं चित्र घेतलं तेव्हा तू आत फळीवर होतास. काचेपलीकडे काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते. चष्मेवालीने मला आत बोलावलं होतं. नियमात बसत नाही, पण तुझ्या बाबतीत आमचे सगळे नियम आधीच मोडलेत. तिने रेकॉर्ड बंद केला. "श्वास घ्या" तीच म्हणाली. "धरा" तीच म्हणाली. पडद्यावर चकत्या वरून खाली येऊ लागल्या. वाकडी सातवी बरगडी आली, सहावीचा जोड आला, मग तो कोपरा आला. तिथं काही नव्हतं. ऑपरेशनची बारीकशी खूण आणि बाकी सगळा काळा भाग, हवेचा. माझ्या लॅपटॉपवर शिकाऊने तिथल्या तिथं रेघ काढली, थोडं लहान झालेलं डावं फुप्फुस, सरळ बरगड्यांच्या कडेने. दुरुस्त करायला काहीच ठेवलं नाही त्याने.

चष्मेवालीने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, तुझी सगळी शिकवण वाया. ती म्हणाली, "मार्चमध्ये माझ्याकडून राहून गेलं होतं. आज तू म्हण." आणि माईक माझ्यापुढे सरकवला.

बाहेर आल्यावर तू मला विचारलंस, आवाज कोणाचा होता, सर्दी झाल्यासारखा? मला सर्दी नव्हती, मामा. तुझ्याबरोबर मीही श्वास धरून बसले होते. तो आधी सोडला, मग बटण दाबून तुला म्हटलं, "सोडा."

तुझी,
ठमी